रात्री ब्लोअर बंद ठेवण्याचा ठराव

आज संध्याकाळी आमच्या वसाहतीच्या समितीच्या बैठकीत असा ठराव आला, की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला ब्लोअर, म्हणजे टाकीतल्या पाण्यात हवा सोडणारे यंत्र, रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बंद ठेवावा, कारण विजेचे बिल डोईजड झाले आहे आणि रात्री तसेही कोणी फारसे पाणी वापरत नाही. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांना मी कित्येक वर्षे ओळखते. ते हिशोबाला चोख आणि स्वभावाने सरळ आहेत. समोर बसलेल्या अकरा जणांपैकी सात जणांनी लगेच मान डोलावली, आणि एकाने असेही म्हटले, की आपले केंद्र ते केवढेसे, त्याने नदीला काय फरक पडणार. निर्णय रविवारच्या बैठकीवर गेला आहे. घरी आल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तुम्ही सगळे वाहत्या पाण्यावर जीव असणारी माणसे आहात, तेव्हा नदी का जपायची हे मी तुम्हांला सांगत बसणार नाही. रात्रीचा ब्लोअर का बंद करायचा नाही, एवढेच सांगायचे आहे.

चार वर्षांपूर्वी आमच्या ब्लोअरची मोटर जळाली होती. राखीव ब्लोअर त्याआधीच महिनाभर बिघडून पडलेला होता. केंद्र चालवणारे काका त्याच दुपारी समितीकडे आले आणि म्हणाले, की भाड्याने का होईना, पण आजच्या आज यंत्र आणा. त्या वेळी मीही समितीत होते. आम्ही तीन ठिकाणची दरपत्रके मागवायचे ठरवले, ती येईपर्यंत थांबायचे ठरवले, आणि त्या कागदावर माझीही सही आहे. हवा बंदच राहिली. सहाव्या दिवशी पहाटे साडेचारला काकांचा फोन आला. “ताई, ओढ्यावर या. आत्ताच या, उजाडल्यावर हे दिसणार नाही.”

मी बॅटरी घेऊन गेले. आमच्या केंद्राचे पाणी ज्या ओढ्यात सुटते, तो पुढे तासाभराच्या वाटेवर नदीला मिळतो. पाणी सुटते त्या जागेपासून बरेच खाली, वळणावरच्या डोहात, बॅटरीच्या उजेडात पाण्याचा सगळा पृष्ठभाग हलताना दिसला. आधी वाटले, पाऊस पडतो आहे. ती माशांची तोंडे होती. पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरात हवेतून थोडाफार प्राणवायू उतरत असतो, त्याच्यासाठी शेकडो मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करत होते. काका शेजारी उभे होते आणि एक शब्दही बोलत नव्हते. कडेच्या गवतात काही मासे आधीच उलटे होऊन अडकले होते. पुढे ऊन चढले, तशी वाचलेली मासळी हळूहळू खाली गेली आणि डोह रोजच्यासारखा शांत दिसू लागला. दुपारी कोणी तिथे गेले असते, तर त्याने शपथेवर सांगितले असते, की सारे ठीक आहे.

ते पहाटेच का घडले, हे काकांनी मला नंतर समजावले, आणि आजच्या ठरावाचे उत्तर त्यातच आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच थोडा असतो. वीस अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, आणि तीस अंशांवर जेमतेम साडेसात. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात, त्यामुळे ही शिल्लक वाढते. सूर्य मावळला की ती भर थांबते, पण शेवाळ, मासे, तळातले जिवाणू असे सगळेच रात्रभर श्वास घेत राहतात, आणि शिल्लक उतरत उतरत उजाडण्याच्या सुमारास सर्वांत कमी होते. म्हणजे ओढ्यापाशी प्राणवायू सर्वांत कमी असतो ते तास, आणि आपण हवा बंद करायला निघालो आहोत ते तास, एकच आहेत.

आता ‘केवढेसे’ या शब्दाविषयी. सांडपाण्यात सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते आणि उरलेल्या एका दशांश टक्क्याने नदी मरते. त्यातले सेंद्रिय पदार्थ हे जिवाणूंचे अन्न असते, आणि ते खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. ही भूक मोजण्याच्या मापाला बीओडी म्हणतात. नमुना वीस अंशांवर पाच दिवस अंधारात ठेवायचा आणि त्याने किती प्राणवायू संपवला ते पाहायचे. घरगुती कच्च्या सांडपाण्यात हा आकडा साधारणपणे लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. तो त्या ९ मिलिग्रॅमशेजारी ठेवून पाहा. २५० धरले, तर एक लिटर कच्चे सांडपाणी पाच दिवसांत अठ्ठावीसेक लिटर निर्मळ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवते. युरोपातल्या नियमांत माणशी रोजचा भार ६० ग्रॅम धरतात. त्या हिशोबाने दोन हजार माणसांच्या वस्तीचे रोजचे १२० किलो होतात, आणि लिटरमागे ८ मिलिग्रॅम धरले तर तो दीड कोटी लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू भरतो. हा एका दिवसाचा हिशोब आहे. हा गुणाकार मी बैठकीतच करून दाखवायला हवा होता, पण माझा आवाज चढला आणि मुद्दा राहून गेला.

हा प्राणवायू कोणाला तरी द्यावाच लागतो. ब्लोअर देईल, नाही तर ओढा देईल. ब्लोअर बंद केल्याने मागणी संपत नाही, ती फक्त कुंपणाबाहेर जाते, आणि कुंपणाबाहेर जे राहतात त्यांना समितीत मत नाही. त्या पहाटे डोहात मी जे पाहिले, ती आमच्याकडून गेलेली वसुलीच होती.

ज्यांनी केंद्र कधी आतून पाहिलेले नाही, त्यांना ते म्हणजे एखादी मोठी गाळणी वाटते. तसे ते नाही. आधी जाळी येते, तिथे चिंध्या आणि प्लास्टिक अडकते. मग वाळू खाली बसते. इथपर्यंत गाळण्याचे काम आहे हे खरे, पण विरघळलेली घाण कोणत्याही जाळीत अडकत नाही. खरे काम पुढच्या टाकीत होते, जिथे तळातून बारीक बुडबुडे सतत वर येत असतात आणि तपकिरी रंगाचे पाणी घुसळत असते. तो तपकिरी रंग जिवाणूंच्या गठ्ठ्यांचा असतो. ते विरघळलेले अन्न खातात, वाढतात, एकमेकांना चिकटतात, आणि पुढच्या निवळण टाकीत स्वतःच्या वजनाने खाली बसतात. वरचे निवळ पाणी ओढ्यात जाते आणि खालचा गाळ बहुतांशी परत बुडबुड्यांच्या टाकीत आणला जातो. हा परत आणण्याचा विचारच सगळ्याचे मर्म आहे. मँचेस्टरमध्ये अर्डर्न आणि लॉकेट या दोघा संशोधकांनी १९१४ मध्ये तो मांडला. हवा देऊन झाल्यावर खाली बसलेला गाळ फेकून न देता त्यावर पुन्हा नवे सांडपाणी घातले, की प्रत्येक फेरीत शुद्धीकरणाला लागणारा वेळ कमी होत जातो, असे त्यांना दिसले होते. शंभरावर वर्षे झाली, जगभरच्या केंद्रांत आजही अनेक ठिकाणी हेच चालते.

काका रोज सकाळी त्या टाकीतले एक लिटर पाणी काचेच्या मोजपात्रात घेतात, ते खिडकीत ठेवतात आणि अर्धा तास थांबतात. गाळ किती खाली बसला, वरचे पाणी किती निवळले, गाळाचा वरचा काठ सरळ आहे की कापसासारखा फुगलेला, हे पाहून ते वहीत आकडा लिहितात. त्यांच्याकडे एक जुने सूक्ष्मदर्शक आहे. त्यातून त्यांनी मला देठावर डोलणारे, घंटेच्या आकाराचे सूक्ष्म जीव दाखवले होते. ते दिसत असले की गाळ निरोगी आहे आणि हवा पुरेशी मिळते आहे, असे समजतात. मोटर जळाली त्या सहा दिवसांतही काका रोज मोजपात्र भरत होते. तिसऱ्या दिवशी गाळ काळा पडला होता आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत होता. हे त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. ती वही आमच्यापैकी कोणी मागितली नाही. मीही मागितली नाही.

‘फक्त आठ तास’ असे आज तीनदा ऐकले. आठ तासांत काय होते ते ऐका. हवा थांबली की टाकीत शिल्लक असलेला प्राणवायू थोड्याच वेळात संपतो आणि तरंगणारा गाळ तळाशी, हवा सोडणाऱ्या डिफ्युझरवरच बसतो, त्यामुळे त्यांची छिद्रे बुजू लागतात. निवळण टाकीत पडून राहिलेल्या गाळातून नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात, ते गाळाचे गठ्ठे वर उचलतात, आणि ते गठ्ठे काठावरून थेट ओढ्यात जातात. मग सकाळी सहाला ब्लोअर सुरू होणार, आणि सहा ते नऊ हीच घरोघरी अंघोळीची आणि धुण्याची वेळ, म्हणजे दिवसातला सर्वांत मोठा लोंढा त्या रात्रभर घुसमटलेल्या जिवाणूंवर येऊन पडणार.

त्याहून नाजूक गोष्ट अमोनियाची आहे. मूत्रातून आणि इतर सांडपाण्यातून येणारा अमोनिया माशांना विषारी असतो, आणि पाणी जितके गरम व अल्कधर्मी, तितका अधिक विषारी. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे असतात. ते फार सावकाश वाढतात आणि त्यांना हवा भरपूर लागते. अमोनियातल्या एका ग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. हे जिवाणू एकदा गेले, की बटण दाबून परत येत नाहीत. मासे मेले त्या सहाव्या दिवशी दुपारी अखेर भाड्याचे यंत्र आले, टाकीत बुडबुडे दिसले आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो, पण पाण्यातला अमोनिया पूर्ववत व्हायला पुढचे तीन आठवडे लागले. यंत्राची दुरुस्ती आणि केंद्राची दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, की काही केंद्रांत हवा मधूनमधून मुद्दाम थांबवतात, कारण प्राणवायू संपल्यावर काही जिवाणू नायट्रेट वापरू लागतात आणि त्यातला नायट्रोजन वायुरूपाने हवेत निघून जातो. पण ते घड्याळ आणि मापक लावून, थोड्या थोड्या वेळाच्या फेऱ्यांनी करतात. रात्रभर कुलूप लावून घरी जाणे याला ती पद्धत म्हणत नाहीत.

बैठकीत आणखी एक जण म्हणाले, की आम्ही पाणी सुटते तिथे जाऊन पाहिले आहे, तिथे काही वाईट दिसत नाही. या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग आला, आणि हे लिहितानाही येतो आहे. स्ट्रीटर आणि फेल्प्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्येच गणिताने मांडले आहे, की घाण पाण्यात मिसळते त्या जागी प्राणवायू सर्वांत कमी नसतो. जिवाणूंना खायला वेळ लागतो, पाणी तोवर पुढे वाहत जाते, आणि सर्वांत खोल घसरण प्रवाहाच्या खालच्या अंगाला, कुठेतरी दूर होते. म्हणूनच काकांनी मला पाइपच्या तोंडाशी न नेता वळणावरच्या डोहापाशी नेले होते. पाइपच्या तोंडाशी उभे राहून नदीविषयी मत देणे म्हणजे अर्धा प्रश्न न पाहताच उत्तर देणे आहे. आपल्या घाणीचा परिणाम आपल्याला दिसत नाही, कारण तो दुसऱ्यांच्या दारात होतो. एवढे कळण्यासाठी गणितही लागत नाही. लागते ती दोन किलोमीटर चालण्याची तयारी, आणि तीही कोणी दाखवत नाही!

दुसरा युक्तिवाद पाण्यात पाणी मिसळून घाण विरळ होण्याचा. ब्रिटनमधल्या सांडपाण्याविषयीच्या शाही आयोगाने १९१२ मध्ये जी मर्यादा सुचवली, ती पुढे जगभर वापरली गेली. लिटरमागे २० मिलिग्रॅम बीओडी आणि ३० मिलिग्रॅम तरंगते कण. पण ती मर्यादा नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी आहे असे धरून सुचवलेली होती. कोरड्या महिन्यांत आमच्या ओढ्यात आठपट पाणी कुठून येणार? त्या दिवसांत ओढ्यात जे वाहते, त्यातला निम्म्याहून अधिक भाग आमच्याच केंद्राचा असतो. म्हणजे तेव्हा ओढा जिवंत आहे की नाही, हे जवळजवळ पूर्णपणे काकांच्या टाकीवर ठरते. मोठ्या नदीला छोटे केंद्र नगण्य वाटेल, पण छोट्या केंद्राचे पाणी आधी मोठ्या नदीत पडतच नाही, ते एका छोट्या ओढ्यात पडते.

वरचे दोन परिच्छेद आत्ता पुन्हा वाचले. ते रागाने लिहिले गेले आहेत, पण त्यांतला एकही शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. फक्त ठराव मांडणाऱ्यांविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही, हे नोंदवते. ते आज जिथे उभे आहेत, तिथे मी चार वर्षांपूर्वी उभी होते, आणि माझ्या हातात पेन होते.

बिल मोठे येते, हे खरे आहे. केंद्राच्या एकूण विजेतील निम्म्याच्या आसपास वीज एकट्या ब्लोअरला लागते, हेही खरे आहे. वरच्या अंगाची मोठी शहरे आणि कारखाने आमच्यापेक्षा कितीतरी जास्त घाण सोडतात, तेही खरेच. जागा भरपूर असेल, तर तळ्यांवर किंवा बोरू लावलेल्या वाफ्यांवर ब्लोअरशिवाय काम भागते, पण आमच्याकडे तेवढी जागा नाही. या सगळ्यातून रात्री हवा बंद करण्याचे कारण तयार होत नाही. बिल कमी करायचे असेल, तर टाकीत प्राणवायू मोजणारा मापक बसवा आणि ब्लोअरचा वेग त्याला जोडा. लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास शिल्लक राहील एवढीच हवा द्या, म्हणजे रात्री भार उतरल्यावर यंत्र आपोआप मंद चालेल, बंद पडणार नाही. जुने, चोंदलेले डिफ्युझर बदला, कारण त्यांतून हवा ढकलायला वीज जास्त खर्च होते. आणि घराघरांतून ओतले जाणारे तेल आणि शौचालयात टाकली जाणारी ओली पुसणी थांबवा. ती कागदासारखी विरघळत नाहीत, पंपाच्या पात्यांना गुंडाळली जातात, आणि ती काढायला काकांना स्वतः आत उतरावे लागते. या सूचना काकांनी लेखी दिल्या आहेत. त्या आजच्या बैठकीत वाचल्यासुद्धा गेल्या नाहीत.

‘नदी आता तशीही संपलेलीच आहे’ असे म्हणणारेही भेटतात. लंडनमधल्या थेम्सच्या पट्ट्याविषयी १९५७ मध्ये शास्त्रज्ञांनी हेच म्हटले होते. मग शुद्धीकरण केंद्रे सुधारली, पाण्यातला प्राणवायू वाढला, आणि १९७४ मध्ये तिथे पुन्हा सामन मासा सापडला. आमच्या डोहातही त्या पहाटेनंतर दुसऱ्या वर्षी बोटाएवढी पिल्ले दिसली होती. काकांनी मला पुन्हा फोन करून बोलावले होते, या वेळी दुपारी, आणि पाण्याकडे बोट दाखवून ते नुसते हसत उभे राहिले होते. गेल्या चार वर्षांत मी त्यांना तेवढे हसताना दुसऱ्यांदा पाहिलेले नाही.

आज बैठक संपल्यावर ते बाहेर अंधारात थांबले होते. त्यांना आत बोलावलेलेच नव्हते. मी त्यांना ठराव सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “सहा वाजता सुरू करायला मी पाचला आलो तर चालेल का?” मला काही बोलता आले नाही. त्या माणसाच्या डोक्यात ठरावाविरुद्ध भांडण नव्हते. नुकसान एक तासाने कसे कमी करता येईल, याचाच विचार चालू होता.

रविवारची बैठक सकाळी दहाला आहे. त्या दिवशी पहाटे पाचला मी वळणावरच्या डोहापाशी असेन. काका विरघळलेला प्राणवायू मोजायचे साधन आणि चार वर्षांपूर्वीची वही घेऊन येणार आहेत. समितीच्या अकराही जणांना मी आत्ताच निरोप पाठवला आहे. आतापर्यंत दोघांनी येतो म्हणून कळवले आहे, आणि त्यांतले एक ठराव मांडणारे गृहस्थ आहेत.